फुगलेली बॅटरी आणि ६२०५ नंबरचं बेअरिंग

गेल्या रविवारपासून आमच्या गॅलरीत चिवड्याचा एक रिकामा पत्र्याचा डबा आहे. डब्यात वाळू, वाळूत माझ्या मोबाइलची जुनी बॅटरी. बायकोने दोनदा विचारून झालंय, "हे किती दिवस?" उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, आधीच सांगतो.

फोन २०२०च्या दिवाळीत घेतलेला, तेरा हजारांचा. कॅमेरा बरा, आवाज स्वच्छ, माझं काही अडत नव्हतं. श्रावणात एकदा खिशातून काढताना हाताला वेगळंच लागलं. बघतो तर मागचं झाकण एका बाजूने उचललेलं. आत बॅटरी पुरीसारखी टम्म.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन घेतलं, पाऊण तास बसलो. काउंटरवरच्या मुलीने फोन उघडला नाही की उलटा करून पाहिला नाही. मॉडेल नंबर टाकला आणि म्हणाली, "सर, याचे पार्ट आता येत नाहीत. एक्स्चेंजला टाका, अकराशे मिळतील." तिच्यावर राग नाही. तिला स्क्रीनवर जे दिसलं ते तिने वाचलं. पण एका बॅटरीपायी अख्खा धडधाकट फोन टाकायचा, हे मला पटेना. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, २२ वर्षं झाली. आमच्याकडे एक लेथ माझ्या नोकरीपेक्षा कितीतरी जुनं आहे. त्याचं मॅन्युअल तेलाने पारदर्शक झालंय, पण आहे. कुठल्या जागी कुठलं बेअरिंग, कुठला पट्टा, सगळं त्यात छापलेलं. समजा ६२०५ लागलं. म्हणजे आतून २५ मिलिमीटर, बाहेरून ५२, जाडी १५. हा नंबर इथे द्वारका चौकातल्या दुकानात सांगा नाहीतर लुधियानात सांगा, कुठल्याही कंपनीचं घ्या, जागेवर बसणारच. कारखान्यात नवीन मशीन घेताना आमचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. पार्ट किती वर्षं देणार, ड्रॉइंग देणार का, हे आधी. जो सप्लायर म्हणेल "उघडू नका, बिघडलं की नवीन घ्या", त्याला आम्ही चहासुद्धा विचारणार नाही.

आणि हाच मी दुकानात जाऊन डिंकाने चिकटवलेलं यंत्र तेरा हजाराला घेऊन आलो. एक प्रश्न न विचारता. फक्त कव्हर फुकट मिळेल का, एवढं विचारलं.

फोनमध्येही ६२०५ होतं हो एके काळी. नोकियाची बीएल-५सी बॅटरी आठवते? नखाने झाकण सरकवायचं, जुनी काढायची, नवी टाकायची. तीच बॅटरी किती मॉडेलना चालायची, अजूनही छोट्या रेडिओत नि स्पीकरमध्ये दिसते. आता म्हणतात, फोन पातळ हवा, पाणी शिरायला नको, म्हणून सील करावा लागतो. थोडं खरं असेल. पण निफाडला आमच्या सासऱ्यांच्या बोअरमधली मोटर बारा महिने पाण्यात बुडालेली असते, आणि ती पान्याने उघडते.

तर रविवारी एम. जी. रोडला गेलो. तिथल्या एका बोळात जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं दुकान. पोरगा पंचविशीचा. फोन हातात घेतला, झाकणाकडे बघून म्हणाला, "काका, आधी बंद करा. चार्जिंगला लावला नाही ना?" लावला होता. मी गप्प.

त्याने फोन गरम प्लेटवर ठेवला. दोनेक मिनिटांनी कडेला प्लास्टिकची पातळ पत्ती सरकवली, गिटार वाजवणाऱ्यांच्या हातात असते तसली. हळूहळू चारी बाजूंनी फिरवली. कुठेही धातूचं हत्यार वापरलं नाही. विचारल्यावर म्हणाला, "फुगलेली आहे, टोचली तर भडकेल." बॅटरीखालच्या टेपवर दोन थेंब स्पिरिट सोडलं, थांबला, आणि दोराने कापल्यासारखी ती अलगद सोडवली. नवीन बॅटरी मीटरवर तपासून मगच बसवली. पस्तीस मिनिटं. साडेनऊशे रुपये. वर स्वतःहून सांगितलं, "ही ओरिजिनल नाही हां काका, कंपॅटिबल आहे. तुमच्या मॉडेलची ओरिजिनल म्हणून कोणी दिली तर घेऊ नका." सहा महिन्यांची गॅरंटी पावतीच्या मागे पेनाने लिहून दिली.

या पोराकडे ना मॅन्युअल, ना कंपनीचे पार्ट. सगळं व्हिडिओ बघून आणि स्वतःच्या पैशाने चार बोर्ड जाळून शिकलेला. खरं तर कंपन्यांनी असल्यांना माहिती द्यायला हवी. तसं बोलणं सरकारी पातळीवर चालूही आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. फ्रान्सने २०२१मध्ये मोबाइल विकताना दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं, दुरुस्तीला किती सोपा ते सांगणारे. युरोपियन युनियनने तर जून २०२५पासून नियमच केला: बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के ताकद टिकवायची, मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षं पार्ट द्यायचे. आणि २०२७मध्ये, आपल्याकडे सिंहस्थाची पर्वणी असेल त्याच वर्षी, तिकडे बॅटरी साध्या हत्याराने घरच्या घरी बदलता येईल अशी द्यावी लागणार, काही अपवाद सोडून. म्हणजे जमत नाही असं नाही. कान धरला की जमतं.

"अहो, अकराशे तर मिळत होते एक्स्चेंजमध्ये," ऑफिसातला एक मित्र म्हणाला. त्यावर माझ्या आजीची आठवण आली. ती भांडीबाजारात जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालायची. दुकानदार तिच्यासमोर काट्यावर तोलायचा, मोडीचा भाव सांगायचा, घडणावळ वेगळी सांगायचा, आणि ही बाई त्यावरही अर्धा तास घासाघीस करायची. भोक पडलेल्या हंड्यातही तांबं किती उरलंय हे दोघांना ठाऊक असायचं. एक्स्चेंजच्या अकराशेत माझ्या फोनची किंमत किती, आणि नव्या फोनवर आधीच चढवून ठेवलेले किती, हे मला कोण सांगणार?

आता माझीच दुसरी बाजू. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिने माझी चांगलीच हजेरी घेतली. म्हणाली, "बाबा, तुमच्या फोनला २०२३पासून सिक्युरिटी अपडेट नाही. बॅटरी बदलून काय उपयोग?" खरं आहे. म्हणून बँकेचं ॲप आणि यूपीआय मी काढून टाकलंय, पैशाचे व्यवहार बायकोच्या फोनवरून होतात. भाजीवाल्याकडे मी तत्त्वनिष्ठ उभा, आणि पैसे द्यायला फोन तिचा. माझा साधेपणा तिच्या दीड वर्षं जुन्या फोनवर चाललाय, हे मान्य करायला हवं.

मुलगी पुढे म्हणाली, "आणि ही नवीन बॅटरी कुठून आली? त्यातला कोबाल्ट?" मोबाइलच्या बॅटरीत बहुतेक कोबाल्ट असतोच, आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांच्या आसपास एकट्या काँगोतून येतो. तिथे हाताने खणणाऱ्यांत लहान मुलंही आहेत, हे ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०१६मध्येच मांडलं होतं. एम. जी. रोडच्या पोराला मी काय विचारणार, बाबा रे, तुझा कोबाल्ट कुठला? त्याचं उत्तर मोठमोठ्या कंपन्यांना धड देता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की फोन अजून तीन वर्षं चालला तर तेवढ्यापुरती एका नव्या फोनची माती कमी खणली जाईल. फार नाही. पण दुकानात उभं राहून 'यातला सज्जन ब्रँड कोणता' हे शोधण्यापेक्षा हे माझ्या हातातलं आहे. आणि लोक म्हणतात तसा कंजूषपणाही आहे यात, नाही कशाला म्हणू. परवा एका लग्नात ग्रुप फोटोसाठी मी फोन पुढे केला, तर मेहुणा म्हणाला, "दाजी, राहू द्या, माझ्यात काढू." हसलो. खरं सांगायचं तर थोडं लागलंही.

राहिली जुनी बॅटरी. पोराला विचारलं, हिचं काय करतोस? त्याने टेबलाखालचा डबा दाखवला, तसल्या वीसेक बॅटऱ्या असतील. "भंगारवाला नेतो, पुढचं मला माहीत नाही." मी म्हटलं, माझी मला दे. त्याने मला वेड्यात काढलं, पण दिली, वर वाळूत ठेवा म्हणाला. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे वेगळे आहेत, दोन्हींत उत्पादकावर जबाबदारी टाकलेली आहे. कागदावर सगळं आहे. घंटागाडीत टाकायची नाही एवढं मला कळतं, दाबली गेली तर गाडीतच पेट घेईल.

तर नाशिककरांनो, सिडको, इंदिरानगर, कॉलेज रोड, कुठेही, फुगलेली बॅटरी रीतसर घेणारं आणि पुढे ती कुठे जाते हे सांगू शकणारं ठिकाण माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. तुम्ही स्वतः जाऊन आला असाल तरच सांगा, गुगलवर मीही बघितलंय. घटस्थापनेच्या आत डबा गॅलरीतून हलला पाहिजे, असा घरचा आदेश आहे.