मच्छीबंदी, श्रावण आणि अळिंबीची सोप्पी जात

घरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावायला सोप्पी जात कुठली, हा प्रश्न कोकणात आणि तेही एकत्र कुटुंबात मोठ्याने विचारू नये. इथे जातींचं ज्ञान माणसाला जन्मतःच असतं. काजू म्हटलं की वेंगुर्ला-4 बरा की वेंगुर्ला-7 ह्यावर चहा थंड होईपर्यंत बोलणारे लोक आहेत, भात म्हटलं की रत्नागिरीचं कुठलं आणि कर्जतचं कुठलं, आणि आंब्याचा विषय तर मी माहेरी घाटावर असतानाच काढायचा सोडून दिला. अळिंबी ह्यातल्या एकानेही कधी लावली नव्हती, पण तेवढ्यासाठी कोणाचं मत अडून राहिलं असं झालं नाही.

मूळ कारण मच्छीबंदी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, माशांच्या विणीचा काळ असतो, नियम चांगलाच आहे, पण त्या दोन महिन्यांत आमच्या घरात जेवणाच्या वेळी जे वातावरण असतं ते बघायला सरकारमधलं कोणी येत नाही. पहिले काही दिवस सुके बांगडे, मग सोडे, मग गोलमा, मग नवरा दुधी भोपळ्याच्या भाजीकडे बघून नुसता उसासा टाकतो आणि सासरे पेपर वाचत जेवतात. तेव्हा म्हटलं ह्याच दोन महिन्यांत ताजी अळिंबी घरात आली तर! पहिल्या महायुद्धात जर्मनीत खायचे हाल झाले तेव्हा फाल्क नावाच्या माणसाने 1917 साली धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लाकडाच्या बुंध्यांवर वाढवून दाखवली होती, म्हणजे टंचाईत अळिंबी लावायची पद्धत जुनीच आहे, आमच्याकडे फक्त टंचाई सुरमईची होती.

मी हे जाहीर केल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "अगो, पावसात सड्यार अळमी येतत ती कमी पडली काय, म्हणान घरात लावतंस?"

आता ती रानातली, वारुळावर येणारी अळमी म्हणजे काय चीज आहे हे मलाही माहितीये, त्या चवीपुढे बाजारातलं सगळं फिकं. पण ती लावता येत नाही. तिची शेती वाळवी करते, वारुळाच्या आत बुरशीचे मळे राखते, आणि माणसाला ते अजून जमलेलं नाही. शिवाय ती कुठल्या वारुळावर येते हे ज्याला माहीत असतं तो सख्ख्या भावाला सांगत नाही. सासूबाईंना स्वतःला दोन जागा माहीत आहेत असा माझा दाट संशय आहे, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मला कळलेल्या नाहीत.

मग दुसरा पेच. पेंढ्यात बी (म्हणजे दाण्यांवर वाढवलेली अळिंबीची बुरशी) घातल्यापासून पहिला तोडा यायला साधारण तीन आठवडे ते महिना, त्यानंतर आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी एक-दोन तोडे. म्हणजे मच्छीबंदीत खायची तर मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरवातीला लावायला पाहिजे, आणि श्रावणाच्या आत संपायला पाहिजे, कारण श्रावणात अळिंबी चालत नाही असा सासूबाईंचा निकाल. मी म्हटलं आई, त्यात ना मांस ना मच्छी, जमिनीतून येणारी वस्तू आहे ती. तर म्हणाल्या, "वाटाप तर मटणाचाच घालतलंस मां?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मटणाचंच घालणार होते.

तर आता हवी होती अशी जात, जी मे संपताना लावली तर तगेल, जूनच्या दमट हवेत येईल, पेंढ्यावर वाढेल कारण आमच्याकडे दुसरं काही नाही, आणि माझ्यासारखीच्या हातून मरणार नाही. बी विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम कुठलीही लावा, सगळ्या सोप्प्याच असतात. माणूस चांगला होता, पण उपयोग शून्य.

नवऱ्याचं मत बटण. त्याच्या लेखी मशरूम म्हणजे हॉटेलात पनीरच्या खालच्या ओळीत लिहिलेलं असतं ते. बटणाला बुरशीचं जाळं पसरताना बावीस ते पंचवीस अंश लागतात आणि प्रत्यक्ष अळिंबी धरताना चौदा ते अठरा. मेमध्ये आमच्या गावात चौदा अंश कुठे मिळतात? फ्रीजमध्ये नाही (तिथे त्याहून थंड असतं आणि शिवाय आगळाच्या बाटल्या असतात), विहिरीत नाही, एसी लावावा तर लाईट दिवसातून किती वेळा जाते ते मोजायचं आम्ही सोडलंय. त्यातून बटण नुसत्या पेंढ्यावर येत नाही, त्याला कंपोस्ट लागतं, गव्हाचा भुस्सा, कोंबडखत, जिप्सम असं सगळं रचून लांब पद्धतीने करायचं तर चार आठवडे परतत बसायचं, आणि त्याचा वास असा की शेजारी माणसं पाठवतात चौकशीला. सोलनला थंड हवेत हे शोभतं, तिथे केंद्राचं अळिंबी संशोधन संचालनालयही आहे. मालवणच्या बाजूला नाही शोभत. नवऱ्याला म्हटलं, तू परतणार असशील तर लावते. बटण तिथेच संपलं.

सासऱ्यांनी पेपरात वाचून दुधी अळिंबी काढली. भोपळा नव्हे, पांढरीशुभ्र जाड दांड्याची असते ती. खरं सांगायचं तर हवामान बघितलं तर आप्पांचंच बरोबर होतं, दुधीला तीस-पस्तीस अंश चालतात, तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने 1998 साली तिची एपीके-2 जात काढली ती असल्याच गरम मुलखासाठी, आणि तोडल्यावर ती टिकतेही बरेच दिवस. पण तिला केसिंग लागतं. म्हणजे पेंढ्यात जाळं पूर्ण पसरलं की पिशवी कापायची आणि वर निर्जंतुक केलेल्या मातीचा थर द्यायचा, तो कायम ओलसर ठेवायचा, चिखल होऊ द्यायचा नाही. निर्जंतुक म्हणजे माती उकडायची. आमच्या स्वयंपाकघरात माती उकडायची परवानगी सासूबाईंकडून कोण काढणार, तर आप्पा परत पेपरात गेले. उन्हाळी पीक म्हणून मी दुधीचं नाव लिहून ठेवलंय, पण पहिल्याच खेपेला ही दुसरी परीक्षा नको.

भाताच्या पेंढ्यावर येणारी अजून एक असते, तिचं नावच पेंढ्यावरची अळिंबी. तिलाही तीस-पस्तीस अंश आवडतात आणि दोनेक आठवड्यांत तयार होते. ऐकायला कोकणासाठीच जन्मलेली वाटते, पण अंड्याच्या आकाराची असतानाच तोडावी लागते, सकाळचं अंडं संध्याकाळी छत्री उघडून बसतं, आणि फ्रीजमध्ये ठेवली तर पाणी सुटून लिबलिबीत होते. शिटाकेचा तर विचारच नको, लाकडाचा भुसा, महिनोन्महिने वाट, आणि गावात कोणाला ती उच्चारताही येणार नाही.

उरली धिंगरी. सगळेजण नवशिक्यांना धिंगरी का सांगतात ते मला इथे कळलं. तिला कंपोस्ट नको, माती नको, कच्च्या पेंढ्यावर जगते, आणि तिचं जाळं भराभर पसरतं. गणपतीत एसटी फलाटावर लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस असतो ना, धिंगरी पेंढ्यात तशी जागा धरते. हिरवी बुरशी मागाहून येते तेव्हा बसायला जागा शिल्लक नसते. अर्थात पेंढा रात्रभर भिजवून, गरम पाण्यात तासभर राखून, निथळून घ्यायचा, मुठीत दाबला तर हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब पडता नये, हे केलं नाहीत तर बुरशी आधीच बसलेली असते आणि रुमालाचा काही उपयोग नाही.

पण धिंगरीतसुद्धा रंग आहेत हो. लेक लगेच गुलाबीवर अडून बसली. गुलाबी दिसायला इतकी देखणी की मीही विरघळले, वर उष्णता तिला सगळ्या धिंगऱ्यांत जास्त सोसते, म्हणजे जूनसाठी तिच्याइतकी योग्य कोणी नाही. पण शिजवली की गुलाबी रंग जातो, तोडल्यावर एका दिवसात मरगळते, आणि तिचं बी फ्रीजमध्ये ठेवावं तर थंडी तिला बाधते. सासूबाईंनी फोनवर फोटो बघितला आणि म्हणाल्या, "ह्या रंगाचा माका काय खावक नको." लेक दोन दिवस आजीशी बोलली नाही.

मग पांढरी की करडी. पांढरी म्हणजे फ्लोरिडा, फोटोत छान, पण तिला जरा गारवा लागतो, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत मस्त येईल, जूनमध्ये रुसण्याची शक्यता. करडी म्हणजे सजोर-काजू, हिमालयाच्या पायथ्याला थोरासारख्या झाडावर सापडलेली, 1974 च्या सुमारास जंडाईक नावाच्या शास्त्रज्ञांनी तिची लागवड बसवली. हिला पंचवीसच्या वर-खाली थोडं झालं तरी चालतं, पावसाळ्यातली दमट हवा तर फुकटच. दिसायला काही खास नाही. माझ्या मनात करडी पक्की झाली.

जागेवरून एक वाद झालाच. माजघर मिळत होतं, पण धिंगरीची छत्री सपाट होऊन कडा वर वळायला लागल्या की ती पांढऱ्या भुकटीसारखे बीजाणू उडवते, आणि आप्पांना दमा. त्यामुळे मागची न्हाणीशेजारची खोली, जाळीची खिडकी, कडा वळायच्या आत तोडायचं अशी अट. कोंदट खोलीत तिचे दांडे लांबच्या लांब आणि छत्र्या बटणाएवढ्या राहतात, त्यामुळे खिडकी उघडी, आणि खिडकी उघडी म्हणून मांजर. मांजराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

एवढं सगळं झालं आणि लक्षात आलं, पेंढा आहे कोणाकडे? आमचा गोठा कधीच रिकामा झालाय. गावात अजून दोनच म्हशी, त्यातली एक शेजारच्या भाऊंची. त्यांची उडवी झापांनी नीट झाकलेली, गेल्या हंगामाचा पेंढा पण कोरडा, पिवळा, कुठे काळा डाग नाही. असा पेंढा पाऊस सुरू झाल्यावर शोधून मिळत नाही, भिजलेल्यात आधीच नको ते उगवलेलं असतं.

गेले मागायला. भाऊ म्हणाले, "आणि मगे म्हशीक काय घालू?" मी म्हटलं दोनच भारे. विकत देता का. तर नाही, पैसे नकोत. अळमी हवी. एका भाऱ्याला किती ह्यावर घासाघीस झाली, बी अजून पुण्याहून यायचं होतं आणि इथे तोड्याच्या वाटण्या चालल्या होत्या. कोरड्या किलोभर पेंढ्याला बरं पीक आलं तर सहाशे ग्रॅम ते किलोभर ताजी अळिंबी येते असं मी सांगितलं, ते त्यांनी किलोभर असंच ऐकलं.

मग जाता जाता म्हणाले, "पेंढो देतंय गो बाये, पण ती गुलाबी-बिलाबी लावू नको. काळपटय नको. पांढरी लाव, पावण्यांच्या ताटात बरी दिसता."

म्हणजे एवढी चर्चा करून शेवटचं मत म्हशीच्या मालकाचं. पांढरी मागवावी तर जूनमध्ये येईल न येईल, करडी मागवावी तर पेंढा नाही. पण एक गोष्ट मी वाचून ठेवली होती, उबेत आणि कमी उजेडात करड्या धिंगरीचा रंग फिका होतो, थंडीत आणि उजेडात गडद. आणि आमची मागची खोली म्हणजे ऊब आणि अंधार ह्यांचं माहेरघर.

"पांढरीच येतली, भाऊ," मी म्हटलं, अगदी त्यांच्याच सुरात.

"मगे न्हेय दोन भारे. आणि दांडे कापून दी हां, वजनात धरूचे नाय."

घरी येऊन करड्याचं बी मागवलं.