खारा वारा मुंबईची हवा धुऊन काढतो का?

थंडी पडली की मुंबईतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो: ‘आपलं प्रदूषण वारा समुद्रावर नेतो, तिथे ते नाहीसं होतं. समुद्राकडून येतो तो शुद्ध मिठाचा वारा. दम्याच्या रुग्णांनी रोज पहाटे चौपाटीवर फिरावं, औषधाची गरज राहत नाही.’

‘नाहीसं होतं’ हे खोटं आहे. हिवाळ्यात ईशान्येकडचे वारे उपखंडाची हवा अरबी समुद्रावर आणि पुढे हिंदी महासागरावर नेतात. 1999 साली जानेवारी ते मार्चमध्ये इंडोएक्स मोहिमेत जहाजं आणि विमानं घेऊन शास्त्रज्ञांनी ती हवा तपासली, तेव्हा उत्तर हिंदी महासागरावर तपकिरी धुरकट थर पसरलेला आढळला. शिवाय रात्री मतलई वाऱ्याबरोबर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर, गेलेली हवा दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर पुन्हा किनाऱ्यावर येऊ शकते.

‘शुद्ध मीठ’ या शब्दांत खरी गफलत आहे. लाटांच्या फेसातले बुडबुडे फुटतात, बारीक थेंब उडतात आणि मिठाचे कण हवेत तरंगतात. ताज्या कणात सोडियमच्या वजनाच्या सुमारे 1.8 पट क्लोराइड असतं, समुद्राच्या पाण्यात असतं तसंच. त्यावर शहराची हवा आली की चित्र पालटतं. गाड्या, कारखाने, जहाजं यांच्या धुरापासून हवेत नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते कणांत शिरतं. कणांतला क्लोरीन मग हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू होऊन निसटतो, मागे सोडियम नायट्रेट किंवा सल्फेट उरतं. ते 1.8 चं प्रमाण घसरलेलं दिसलं, की कणांवर आम्लाची प्रक्रिया झाल्याचं कळतं.

रात्रीची प्रक्रिया वेगळी. नायट्रोजनचं एक ऑक्साइड, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, अंधारातच साठतं. ते या खारट कणांवर आलं की नायट्रिल क्लोराइड नावाचा वायू सुटतो. तो पहाटेपर्यंत साचतो, ऊन पडताच फुटतो आणि क्लोरीनचे अणू मोकळे होतात. हे अणू अतिशय क्रियाशील असतात, त्यांच्यामुळे ओझोन (जमिनीलगत तो श्वासाला त्रास देणारा प्रदूषक असतो) बनायला सकाळीच जोर येतो. म्हणजे समुद्राचं मीठ धूर गिळून टाकत नाही, उलट त्याच्या रसायनात सामील होतं.

पावसाळ्यात नैऋत्येकडून हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा बरीच स्वच्छ असते, हे मान्य. पण मजकूर फिरतो डिसेंबरात.

आणि पहाटे चौपाटीवर? थंडीत त्या वेळी वारा बहुधा जमिनीकडूनच वाहतो, खारा वारा सुटायला बराच उशीर असतो. गिरगाव असो की जुहू, रुग्णाच्या छातीत जाते ती शहराचीच, जमिनीलगत कोंडलेली हवा. घरातल्या आजी-आजोबांपर्यंत हा मजकूर पोचला असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा: फिरायला उशिरा, वारा सुटल्यावर, त्या दिवसाचा एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा) बघून जा आणि डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नका.