साडेचारच्या आत डोंगर

क्रूझच्या पत्रकात ‘बंदरात सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ असं छापलेलं असतं. ते वाचून माणूस नऊ तास मोजतो आणि लगेच नकाशावरचं सर्वांत उंच शिखर शोधायला लागतो. माझा त्या नऊ तासांवर काडीचा विश्वास नाही. आठला धक्क्याला जहाज लागतं, आपण नाही. बंदरवाल्यांची परवानगी आल्याशिवाय दार उघडत नाही, आणि उघडलं की अख्ख्या जहाजाला एकदमच उतरायचं असतं. जहाज खोल पाण्यात नांगरून उभं राहिलं तर आणखी मजा. मग किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या टेंडर बोटीसाठी नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि ट्रेकिंगचे बूट घालून गालिच्यावर बसून राहायचं. जमिनीला पाय लागेतो नऊ वाजलेले असतात.

दुसऱ्या टोकालाही कात्री आहेच. पाचला सुटणाऱ्या जहाजावर बहुधा साडेचारच्या आत चढावं लागतं. त्याआधीचा एक तास मी डोंगराला देत नाही. तो रांगेचा, चुकलेल्या वळणाचा आणि न आलेल्या बसचा. उरले साडेसहा तास. त्यातून धक्का ते पायवाट हे अंतर दोनदा वजा करा. एकदा करून थांबणारे पुष्कळ असतात.

आता डोंगर. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक आडाखा दिला: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे जाऊन-येऊन ६ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ असेल तर पावणेदोन तासांच्या आत-बाहेर. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. पाच दिवस बुफेवर आडवा हात मारलेल्याने त्याची दीडपट करावी. फोटो वेगळे.

पायऱ्यांनी मात्र फसू नये. नॉर्वेत ऑलेसुंडला अक्सलाच्या टेकडीवर ४१८ पायऱ्या आहेत, त्याही बंदरापासून चालत जाण्याइतक्या जवळ. माझ्या मते छोटी चढाई असावी तर अशी. माँटेनेग्रोत कोटोरच्या किल्ल्याला साडेतेराशेच्या आसपास आहेत, आणि उन्हाळ्यात दगड तापले की प्रत्येक पायरी दोनदा मोजावीशी वाटते. तिथे अर्ध्या वाटेवर एक चर्च लागतं. खाली लाल कौलं, पलीकडे आखात आणि त्यात आपलं जहाज, सगळं तिथूनच दिसतं. परत फिरायला उत्तम जागा, पण ‘इतकं आलोच आहोत तर’ हे वाक्य नेमकं तिथेच सुचतं. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जुन्या बंदरातून वरच्या गावात जायला केबल कार आहे, पायऱ्याही आहेत. पायऱ्यांचे दगड वापरून गुळगुळीत झालेले आणि वर खेचरांची लीद. घसरायला दोन्ही एकाच पायरीवर मिळतात. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना. दुपारी केबल कारच्या रांगेला कंटाळून जे पायऱ्यांकडे वळतात, त्यांच्या पायांत हमखास सपाता असतात.

फोनवर तर अजिबात विसंबू नये. तो किनाऱ्याला लागताच गुपचूप स्थानिक वेळ लावतो. जहाज कधीकधी आपल्याच वेळेवर अडून बसलेलं असतं. उतरताना दाराशी लावलेली वेळ बघून मनगटी घड्याळ जुळवावं. जहाजावर मिळणाऱ्या रोजच्या पत्रकावर बंदरातल्या, जहाज कंपनीचं काम बघणाऱ्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढावा. परतीची वेळ शिखर ठरवत नसतं, घड्याळ ठरवतं: ठरलेला काटा आला की ढगातून शिखर डोकावत असलं तरी पाठ फिरवायची.

उशीर झालाच तर जहाजानेच काढलेल्या सहलीतून गेलेल्यांसाठी सहसा थांबतात, आपल्या मनाने गेलेल्यांसाठी नाही. मागे राहिलेल्याचा खोलीच्या तिजोरीतला पासपोर्ट तेवढा बऱ्याचदा एजंटकडे ठेवून जातात. धक्क्यावरून पळत येणारे बघायला वरच्या डेकवर ही गर्दी असते, टाळ्या वाजवत, हातात पेले घेऊन. कठड्यापाशी जागा हवी असेल तर चारलाच वर जावं.