वेणी सापडली, परवानगी तशीच राहिली

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बैठक सुरू होते ती वाजुक नूंगार या इथल्या मूळ धन्यांना वंदन करून. मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच इथल्याच राज्यातली, सुरुंगाने उद्ध्वस्त झालेली जूकन घळ डोक्यातून जात नाही.

मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने लोहखनिजासाठी राज्याच्या उत्तरेकडच्या पिलबरा भागातल्या या घळीतले दोन शैलाश्रय, म्हणजे माणसं आसऱ्याला राहत त्या कपारी, सुरुंगाने उडवले. तिथे माणसाचा वावर ४६ हजार वर्षांपासूनचा. उत्खननात केसांची एक वेणी मिळाली होती, चारेक हजार वर्षांपूर्वीची, अनेकांचे केस एकत्र गुंफलेली. तिचा डीएनए तिथल्या आजच्या मूळनिवासींशी जुळला. त्यांच्याच पूर्वजांचे केस ते!

हे सगळं कायद्याला धरून झालं. मूळनिवासींच्या वारशाबद्दलच्या राज्याच्या १९७२च्या कायद्याखाली मंत्र्यांची परवानगी मिळाली २०१३ मध्ये, मोठं उत्खनन झालं २०१४ मध्ये, आणि नवं काही सापडलं म्हणून दिलेली परवानगी फेरतपासायची सोयच नव्हती.

मग वर्षानुवर्षं हरकती-सूचना, सभा, २०२१चा नवा कायदा. तो १ जुलै २०२३ला लागू झाला आणि ऑगस्टमध्येच सरकारने माघार घेतली. कुंपणाचा खांब रोवायलाही परवानगी लागेल, या धास्तीने शेतकरी हवालदिल होते. त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. नियम त्यांना कुणी वेळेवर समजावलेच नव्हते. जुना कायदा परत आला, पण दुरुस्त होऊन: मूळनिवासींना दाद मागता येते, नवी माहिती कळवणं बंधनकारक आहे. शेवटचा शब्द अजून सरकारचाच, आणि ते मला पटत नाही.

मी राजापूर तालुक्यातला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, गावच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा आमच्याच काही मंडळींचं म्हणणं होतं, "पडीक कातळ तो, त्यात काय जपायचंय?" त्याच कातळावर दोन वाघांच्या मधे माणूस कोरलेला आहे. पावसाळ्यात त्या रेषांत पाणी साठलं की चित्र उठून दिसतं. २०२२ पासून ते युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे.

रोजगार हवाच, मीही त्यासाठीच इतका लांब आलो. पण जागा ठरवण्याआधी, जनसुनावणीच्या कितीतरी आधी, सगळा सडा पायी हिंडून नोंदवा. सोबत गावातले म्हातारे गुराखी घ्या. चिरेखाणीत कुठली चित्रं गेली, हेही त्यांना ठाऊक असेल.