खुलासा : सोमवारी अख्खी दिल्ली बंद नसते

'सोमवारी दिल्लीत काहीच बघता येत नाही' असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, एवढं खरं. पण कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर रोज उघडी असतात. मी तर सोमवारी हुमायूनची कबरच सुचवेन. लाल दगडावरचा तो पांढरा संगमरवरी घुमट निवांत बघण्यासारखा आहे. कुतुबमिनार मेट्रो स्टेशनवरून मिनार बराच लांब आहे, रिक्षा करावी लागते. 'आज बंद आहे, एम्पोरियम (हस्तकलेच्या वस्तूंचं मोठं दुकान) दाखवतो' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, थेट तिकीट खिडकी गाठा. आग्र्याचा ताजमहाल मात्र शुक्रवारी बंद असतो. रिझर्व्हेशन त्या हिशोबाने करा.