‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक मुंबईकर’ यांस,

‘कंट्रोल रूमला खिडकी नाही’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तीनदा वाचली. दोनदा राग आला, तिसऱ्यांदा चहा घेऊन बसलो तेव्हा कुठे उत्तर लिहायच्या मनःस्थितीत आलो.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत पाणी तुंबलं की 1916 वर फोन जातो, पालिका मुख्यालयातल्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात नोंद होते आणि तिथून वॉर्डाला निरोप सुटतो. माझं म्हणणं असं की वर कळवणं चालूच राहू दे, पण तातडीचा निर्णय वॉर्डातल्या माणसाने घ्यावा, निरोपाची वाट बघू नये. यावर तुमचं पहिलंच वाक्य: “एसीत बसून आपत्ती व्यवस्थापनावर लिहिणं सोपं असतं, पावसात कधी उतरला आहात का?”

पुढे तुमचे तीन मुद्दे आहेत, त्यांच्याकडे येतो. पण आधी हे एसीचं.

माझ्या घरी एसी नाही. हे जाहीर सांगायची वेळ आणलीत, आभारी आहे.

26 जुलै 2005 ला मी कलानगरहून अंधेरीपर्यंत चालत आलो. वाकोल्याला पाणी कमरेच्या वर होतं. अनोळखी माणसांनी हात धरून साखळी केली होती, तिच्यात माझ्यापुढे एक बाई डोक्यावर डबा आणि डब्यावर चपला घेऊन चालत होत्या. पहाटे घरी पोचलो. पण त्या दिवशी लाखो लोक चालले, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. सांगायचं आहे ते माझ्या वडिलांबद्दल.

ते पालिकेत ड्रेनेजच्या कामावर मुकादम होते. कुठल्या वॉर्डात ते सांगत नाही, कारण तुमच्यासारखे लोक तिथे जाऊन चौकशी करतील. आमच्या दाराआड एक लोखंडी आकडा असायचा, टोकाला वळवलेली जाड सळई. मॅनहोलचं झाकण उचलायला. ड्युटी नसली तरी रात्री पाऊस वाढला की ते उठून खिडकीपाशी उभे राहायचे आणि गल्लीतला पाण्याचा आवाज ऐकायचे. कुठल्या झाकणाखाली गाळ आहे, कुठल्या नाल्याला भरतीचं पाणी उलटं येतं, हे त्यांना कागद न बघता माहीत होतं. त्या 26 तारखेला फोन सगळ्या शहरातच बंद पडले होते. त्यांना निरोप येणार कुठून? चार माणसं हाताशी धरून त्यांनी काम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा पायाची कातडी पांढरी पडून सुटली होती.

त्यांचा एक नियम होता. झाकण उघडलं की तिथे बांबू रोवायचा, त्याला लाल फडकं बांधायचं आणि पाणी उतरेपर्यंत एक माणूस तिथून हलायचा नाही. 29 ऑगस्ट 2017 ला एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा जीव गेला. ती बातमी बघताना वडिलांनी टीव्ही बंद करायला सांगितला आणि एवढंच विचारलं, “माणूस कुठे होता?” आता मॅनहोलखाली जाळ्या बसवतात. चांगलंच आहे. पण जाळीला बांबू रोवता येत नाही.

तर पावसात उतरण्याबद्दल मला कृपया शिकवू नका.

आणि लेखाच्या नावातली ‘खिडकी’ हा नाटकीपणा आहे असं तुम्ही म्हणता, म्हणून आकडे देतो. 26 जुलैच्या त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला 73. मुख्यालय बोरीबंदरला, म्हणजे कुलाब्याच्याच बाजूला. तिथल्या खिडकीतून बघणाऱ्याला उपनगरं बुडाल्याचं दिसणार कसं? नंतर शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रं लागली, आता आकडे लगेच येतात, मान्य. पण आकडा येणं आणि झाकण उघडणं यांच्यामध्ये एक माणूस लागतो.

आता तुमचे मुद्दे. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 2005 च्या पुरानंतर आला, असं मी लिहिलं होतं. चूक. तो 1993 चा आहे. जुन्या नाल्यांची ताशी 25 मिलिमीटरची क्षमता 50 वर न्यावी, असं त्यात पुराच्या बारा वर्षं आधीच सांगितलं होतं. दुरुस्ती केली आहे. (चूक माझ्याच मुद्द्याला बळ देणारी निघाली, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.)

हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह ही पंपिंग स्टेशनं आणि हिंदमाताच्या भूमिगत टाक्या यांचा उल्लेख नाही, म्हणता. लेख पंपांवर नव्हता.

“चोवीस वॉर्डांना अधिकार दिलात तर चोवीस संस्थानं होतील.” अहो, संस्थानं आधीच आहेत. एका शहरात दोन जिल्हाधिकारी, दोन रेल्वे. 2005 नंतर मिठी नदीचं कामसुद्धा वाटून घेतलं, 17.84 किलोमीटरपैकी 11.84 पालिकेकडे आणि उरलेले 6 एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पाण्याला ही हद्द कोणी दाखवायची? तुम्ही आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या 2025 च्या दुरुस्तीचा दाखला देता, की आता शहर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण होणार, आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. होऊ दे की. वरच्या खुर्चीत कोण बसतं याबद्दल माझी तक्रारच नव्हती, लेख पुन्हा वाचा. निम्मं शहर कोरडं असताना एकाच जागेवरून हुकूम सुटावेत, असं तुम्हाला वाटत असेल तर यावर आणखी वाद घालण्यात मला रस नाही.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, “अभ्यास वाढवा.” प्रतिक्रिया जशी आली तशीच ठेवली आहे, काही उडवलेलं नाही. पुन्हा लिहिलंत तर उत्तरही देईन. फक्त तेवढे दोन शब्द गाळून लिहा आणि जमलं तर टोपणनावाऐवजी स्वतःच्या नावाने.