६७ करा, पण एका रात्रीत नको

अमेरिकेतल्या एअरलाइन वैमानिकांच्या निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ वर न्या, ही मागणी निघाली की चर्चा लगेच हार्ट अटॅक आणि चष्म्याच्या नंबरवर जाते. पण साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी होतं, शेजारी दुसरा वैमानिक असतो आणि एक जण कोसळला तर दुसऱ्याने काय करायचं, याचा सराव सिम्युलेटरमध्ये करून घेतात. मला काळजी आहे ती ज्येष्ठता यादीची.

अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्समध्ये रुजू झाल्याची तारीख सगळं ठरवते. कुठलं विमान, कुठला बेस (ड्यूटी सुरू होते तो विमानतळ), कॅप्टन कधी, महिन्याचं वेळापत्रक कसं, सुट्टी केव्हा. कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभव असला तरी यादीत शेवटचा नंबर. म्हणजे वरची जागा अडली की दुसरीकडे जाण्याचा रस्ताही नाही.

हे एकदा घडून गेलंय. १३ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत मर्यादा ६० वरून थेट ६५ झाली. त्यापुढची पाच वर्षं वयामुळे होणाऱ्या निवृत्त्या जवळपास थांबल्या. त्यातच २००८ची मंदी आली. कॅप्टन व्हायच्या उंबरठ्यावर असलेले फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, उजव्या सीटवरच राहिले आणि यादीच्या तळाशी असलेल्या अनेकांना बिनपगारी घरी बसावं लागलं. आणि कायद्याच्या काही दिवस आधी ज्यांची साठी झाली होती, त्यांना परत यायचं तर जुनी ज्येष्ठता सोडून नव्याने रुजू व्हावं लागणार होतं.

‘दोन वर्षं थांबा, तुम्हालाही शेवटी दोन वर्षं जास्त मिळतील’ हा हिशेब कागदावर जुळतो. पण तो फक्त ६७ पर्यंत फिट राहणाऱ्याचा. जो ६२ ला मेडिकलमध्ये अनफिट ठरला किंवा ज्याला ६५ लाच थांबायचंय, त्याची बढती दोन वर्षं उशिरा आणि भरपाई शून्य. कॅप्टनच्या पगाराची ती दोन वर्षं पेन्शन फंडातूनही जातात.

शिवाय आंतरराष्ट्रीय उड्डाणांना आयकाओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेची, मर्यादा ६५ चीच आहे. एकट्या अमेरिकेने ६७ केलं तर परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानाच्या कॅप्टनला ६५ नंतर देशांतर्गत मार्गांवरच्या छोट्या विमानावर उतरावं लागेल. त्याला पुन्हा ट्रेनिंग, सिम्युलेटर, चेक राइड (उड्डाणाची परीक्षा). त्याची ज्येष्ठता जास्त, म्हणून तिथला कॅप्टन खाली सरकणार, आणि त्याच्यामुळे आणखी कुणीतरी. एका माणसापायी तीन-चार जणांचं ट्रेनिंग. इतकं करून तो कॅप्टन लांब पल्ल्याच्या विमानावर मिळत नाही तो नाहीच. २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने ६७ मंजूर केलं होतं. मे २०२४ च्या अंतिम कायद्यात ते नव्हतं. बरंच झालं.

अनुभवी माणसं टिकावीत, असं मलाही मनापासून वाटतं. मग आधी आयकाओत बदल करा आणि मर्यादा दरवर्षी सहा-सहा महिन्यांनी वाढवा. चार वर्षांत ६७ होईल. त्या काळात निवृत्त्या निम्म्यावर येतील, पण थांबणार नाहीत. यादी हळू का होईना, सरकत राहील. आणि मेडिकलमध्ये अनफिट ठरलेल्यांसाठी जो विमा असतो, तो ६५ ला संपत असेल तर युनियन आणि कंपनीच्या करारात ६७ पर्यंत वाढवून घ्या. युनियनने सहीच्या आधी एवढं तरी मागायलाच हवं.